आपले षट्पद शेजारी

खानेसुमारीचा कारकून दारी आला म्हणजे घरातील कर्ता पुरुष सांगतो, "आमच्या घरी माणसे चौदा." कारकून तो आकडा लिहून घेतो आणि पुढील घराची वाट धरतो. हा हिशेब सरकारी कामापुरता बरोबर असेल. परंतु त्याच छपराखाली आणखी किती जीव संसार मांडून बसले आहेत, याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. उंबऱ्याखाली मुंग्यांचे एखादे संस्थान नांदत असते. तुळयांच्या पोटात वाळवीचे राज्य असते. कोठीतील गव्हात टोके आणि पेटीतील जुन्या पोथ्यांत कसर यांनी आपापली वतने बळकावलेली असतात. माजघराच्या कोपऱ्यात कुंभारीण मातीचे बिऱ्हाड बांधीत असते, आणि मोरीच्या बाजूस झुरळे व डास यांचा दरबार तर बारमाही भरलेला. या सर्वांना आपण 'किडे' या एका शब्दात गुंडाळतो आणि केरसुणीकडे हात नेतो.

ज्या प्राण्याच्या अंगाचे डोके, छाती व पोट असे तीन भाग पडतात, ज्याला सहा पाय असतात आणि जो नाकाने नव्हे, तर अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या बारीक छिद्रांनी श्वास घेतो, तो कीटक. संस्कृत कवींनी भुंग्याला 'षट्पद' हे नाव दिले. वस्तुतः ते या सर्व वर्गालाच शोभणारे आहे. कोळ्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नव्हे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मखमली तांबड्या रंगाचा जो चिमुकला जीव मुले कौतुकाने तळहातावर घेतात, तोही आठ पायांचा असल्यामुळे कोळ्याच्याच गोतातला. शास्त्रज्ञांनी आजवर नावे दिलेल्या कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख आहेत. नाव मिळालेल्या एकंदर प्राण्यांच्या जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती एकट्या कीटकांच्या भरतात. तेव्हा कीटक आपल्या घरी राहावयास आले, असे म्हणण्यापेक्षा आपणच त्यांच्या अफाट वस्तीत बिऱ्हाड केले आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

या शेजाऱ्यांविषयी आपल्या घरांतून दोन वृत्ती आढळतात. एक दयेची. मुंग्यांना साखर घालणाऱ्या आजीबाई पूर्वी घरोघरी असत व आजही क्वचित दिसतात. दुसरी किळसेची. काहीही वळवळताना दिसले की चप्पल किंवा फवारा उचलणारी मंडळीही त्याच घरात असतात. दोन्ही वृत्ती मनुष्यस्वभावाला धरूनच आहेत; परंतु ओळखीवाचून दोन्ही आंधळ्या. कोणाला वाचवावयाचे आणि कोणाला वाढू द्यावयाचे नाही, हे दया सांगू शकत नाही आणि किळसही सांगू शकत नाही. ते केवळ ओळख सांगते. गेल्या पावसाळ्यात या आंधळेपणाची किंमत आमच्याच घराला मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी, पाहूनही न पाहण्याची ही खोड किती जुनी आहे हे थोडे सांगावेसे वाटते.

संस्कृत वाङ्मयाशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना कीटभृंगन्याय सांगावयास नको. भृंगी एखादी अळी धरून आणते व तिला मातीच्या घरात कोंडते. अळी भयाने त्या भृंगीचेच अखंड चिंतन करते आणि अखेरीस स्वतः भृंगी होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त. जीवाने ब्रह्माचे ध्यान करावे व ब्रह्मरूप व्हावे, हे पटविण्यासाठी तो योजिला जातो. आम्ही तो वर्गात कित्येक वर्षे शिकविला, आणि अक्षरशः खरा मानूनच शिकविला. एके दिवशी एका विद्यार्थ्याने खिडकीच्या चौकटीवरील कुंभारणीचे घरटे काढून आमच्या टेबलावर आणून ठेवले. फुटलेल्या मडक्यात सहा-सात हिरव्या अळ्या होत्या. त्या मेलेल्या नव्हत्या, पण हालचालही करीत नव्हत्या. मडक्याच्या एका तुकड्याला बारीक तंतूने एक अंडे लोंबकळत होते. मुलाने विचारले, "गुरुजी, यांतली कोणती अळी भृंगी होणार?"

खरे उत्तर असे की, एकही नाही. कुंभारीण अळीला नांगी मारून बधिर करते, मारून टाकीत नाही. कारण मेलेली अळी कुजून जाईल. मडक्यात ती अंडे घालून ठेवते व तोंड मातीने लिंपते. अंड्यातून निघालेले पिल्लू तो ताजा शिधा संपवून पुष्ट होते, कोशात जाते आणि एके दिवशी पंख फुटून मातीचे दार फोडते. काही जातींच्या कुंभारणी अळ्यांऐवजी कोळी साठवितात, एवढाच फरक. आत गेली अळी आणि बाहेर आली भृंगी, एवढे आपल्या पूर्वजांनी अचूक पाहिले होते. मधल्या काळात आत काय घडले, हे मात्र कोणी मडके फोडून पाहिले नाही. दृष्टान्त म्हणून त्या न्यायाची योग्यता यामुळे तिळमात्र कमी होत नाही; परंतु बाहेरून पाहून आतले गृहीत धरण्याची जी सवय, ती अध्यात्मात खपली तरी व्यवहारात महाग पडते. त्या अळ्यांपैकी पुष्कळशा आपल्या भाजीपाल्याची पाने कुरतडणाऱ्या असतात. म्हणजे जिचे घर आपण दिवाळीच्या साफसफाईत खरवडून टाकतो, ती कुंभारीण परसबागेची बिनपगारी राखणदार असते.

ही सवय किती महाग पडू शकते, याचा धडा महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगाने प्रवेश केला. रोगाचे जंतू येर्सिन या शास्त्रज्ञाने हाँगकाँग येथे १८९४ सालीच शोधून काढले होते. परंतु ते माणसाच्या अंगात शिरतात कसे, हे कळले नव्हते. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या अमलात गोरे शिपाई घरोघर शिरले. सामानसुमान बाहेर काढले गेले, स्वयंपाकघरे व देवघरेही सुटली नाहीत. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाला बळी पडल्या. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुतच आहे. या सर्व धामधुमीत माणसांची झडती झाली, भिंती धुतल्या गेल्या, कपडे जाळले गेले. खरा वाहक मात्र उंदराच्या केसांत सुखरूप होता.

तो वाहक म्हणजे पिसू. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत हे प्रयोगाने दाखविले. परंतु पुष्कळ वर्षे त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. १९०५ नंतर मुंबईस परळ येथे झालेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब झाले. उंदीर प्लेगाने मेला व त्याचे अंग थंड पडले, की पिसवा ते सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. जवळपास उंदीर न मिळाल्यास माणूस. आता गंमत पाहा. 'उंदीर पडले की घर सोडावे' हे आपल्या लोकांस अनुभवाने कळून चुकले होते, आणि गावे ओस टाकून ते माळावर झोपड्या बांधून राहत. कारण ठाऊक नसले तरी निरीक्षण बिनचूक होते. सत्तेला साधन होते पण निरीक्षण नव्हते, आणि प्रजेला निरीक्षण होते पण कारण ठाऊक नव्हते. या दोहोंच्या मधल्या फटीत एक तिळाएवढा कीटक लाखो माणसे नेत राहिला.

डासाचीही कथा अशीच. हिवताप दलदलीतील दूषित हवेने होतो, अशी समजूत पाश्चात्त्य देशांतही शतकानुशतके होती. त्या तापाचे इंग्रजी नावच मुळी 'वाईट हवा' या अर्थाच्या शब्दांवरून पडले आहे. अल्मोड्यास जन्मलेले लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे हुसेन खान नावाच्या एका रुग्णाच्या अंगावर डास सोडून ते त्याला चावू दिले, आणि दर डासामागे त्याला एक आणा दिला. पुढे तेच डास एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली चिरले असता, २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठरात हिवतापाचे बीज त्यांच्या दृष्टीस पडले. या कार्याबद्दल त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या उन्हाळ्यात पुण्यातील घरे पिसवेपायी उद्ध्वस्त होत होती, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एक मनुष्य डासाचे पोट उघडून पाहत बसला होता, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

हे झाले शत्रुपक्षाचे. मित्रपक्षाची नोंद तर आपल्या देवघरातच सापडते. पूजेच्या वेळी नेसावयाचे सोवळे रेशमाचे, आणि रेशीम म्हणजे एका अळीने स्वतःभोवती विणलेला कोश. संस्कृतातील 'कौशेय' हा शब्द तेच सांगतो. एका कोशाचा धागा सुमारे हजार मीटरपर्यंत अखंड निघतो, आणि तो अखंड निघावा म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोश उष्णतेने मारून उकळत्या पाण्यात टाकतात. ही गोष्ट सोवळे नेसताना आपल्या ध्यानात क्वचितच येते. आपल्या विदर्भात भंडारा, गडचिरोली या बाजूस ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसराचे किडे पाळले जातात. पांडवांसाठी बांधलेल्या लाक्षागृहातील लाख हीदेखील एका कीटकाचीच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लक्षावधी बारीक किडे चिकटून बसतात व अंगातून राळ पाझरवितात. 'लाक्षा' हे नाव त्या लक्ष संख्येवरूनच पडले असे मानतात. बायकांच्या बांगड्या, पाकिटावरील मोहोर, किंबहुना ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही याच लाखेच्या होत्या.

परंतु या सर्वांत थोर उपकार मधमाशीचे. सुश्रुताने माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक इत्यादी मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. म्हणजे निरनिराळ्या माशांचा मध वेगळा ओळखण्याइतकी दृष्टी आपल्या वैद्यांपाशी होती. आपल्याकडे कड्यावर वा उंच झाडावर मोठे उघडे पोळे बांधणारी ती आग्या माशी; भिंतीच्या वा झाडाच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी, स्वभावाने मवाळ व पेटीत पाळता येणारी ती सातेरी; आणि झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. फुलांचा ठाव लागलेली माशी घरी येऊन पोळ्यावर विशिष्ट प्रकारे नाचते आणि त्या नाचातून इतर माश्यांस दिशा व अंतर कळते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी सिद्ध केले. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हंगामातील कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते आणि जन्मभर खपून चहाच्या चमच्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा मध गोळा करते.

तरी मध हा तिच्या देण्याचा लहानसा भाग. काकडी, भोपळा यांच्या वेलीवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे. एकाचे पराग दुसऱ्यापर्यंत कोणीतरी नेल्याशिवाय फळ धरत नाही. कांद्याचे बी धरणे, सूर्यफुलाचे दाणे भरणे, डाळिंबाचे पीक साधणे, या सर्वांत तिचा हात असतो. आपल्या ताटातील कित्येक पदार्थ तिच्या पायांना चिकटून येतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. परसातील जुन्या दगडी भिंतीच्या एका पोकळीत तीन वर्षांपासून सातेरी माश्यांची वस्ती होती. गेल्या ज्येष्ठात धाकट्या बंधूंना एक माशी चावली व त्यांचा गाल सुजला. रात्री जेवणे झाल्यावर घरात विचार झाला. "मुले परसात खेळतात, उद्या काही भलते झाले म्हणजे?" असे वहिनी म्हणाल्या, आणि ते म्हणणे काही चुकीचे नव्हते. ही माशी मवाळ असते, जाणता मनुष्य बोलावून ती पेटीत उतरवून घेता येते, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही ते एकदा बोलूनही दाखविले. परंतु आग्रह धरला नाही. घरात वितुष्ट नको, या विचाराने गप्प बसलो. दुसऱ्या रात्री एका मनुष्याने रॉकेलात भिजविलेल्या चिंध्यांचा पलिता पोकळीत घातला. सकाळी भिंतीच्या पायथ्याशी मेलेल्या माश्यांचा ढीग पडला होता. सौभाग्यवतींनी तो सुपात भरून खड्ड्यात पुरला आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

श्रावणात परसातील भोपळ्याच्या वेलाला भरघोस फुले आली आणि बहुतेक तशीच गळून पडली. काकड्या धरल्या त्या एका टोकाला बारीक व वाकड्या. त्याचे कोणास फारसे वाटले नाही. भाजी बाजारात मिळतेच.

भाद्रपदात, गणपती घरात असतानाच, आमच्या नऊ वर्षांच्या नातवाला ताप चढला. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे मोडून आल्यासारखे, पुढे अंगावर पुरळ. रक्त तपासले तेव्हा डेंग्यू ठरला, आणि रक्तातील बिंबिका भराभर उतरू लागल्या. सहा दिवस मुलगा रुग्णालयात होता. सूनबाई त्याच्या उशापासून हालली नाही, आणि घरात गणपतीपुढे आरती म्हणताना कोणाचा आवाज निघत नव्हता. ईश्वरकृपेने व डॉक्टरांच्या काळजीने मुलगा बरा झाला. परंतु चौथ्या दिवशीची ती रात्र आम्ही जन्मात विसरणार नाही.

त्याच आठवड्यात आरोग्यखात्यातील एक तरुण सेवक घर तपासण्यास आला. आम्ही त्याला मोरी व गटार दाखवू लागलो. तो म्हणाला, "आजोबा, हा डास घाण पाण्यातला नाही, स्वच्छ पाणी कुठे साठले आहे ते दाखवा." त्याने शीतकपाटाच्या मागचे ताट ओढून पाहिले, कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. अखेर तो माडीच्या सज्जात गेला. तेथे चिमण्यांसाठी पाण्याचे एक मातीचे पसरट भांडे टांगलेले होते. ते आम्ही स्वतः टांगले होते व त्यात रोज सकाळी स्नानानंतर पाणी घालण्याचा आमचा नेम होता. त्याने विजेरीचा झोत टाकला. पाण्यात सुतासारख्या बारीक अळ्या वरखाली होत होत्या.

आम्ही म्हटले, "पण यात आम्ही रोज पाणी घालतो!" तो म्हणाला, "घालता, पण भांडे घासता का?"

त्या तरुणाने जे समजाविले ते येथे देतो, कारण ते प्रत्येक घराने पाठ करावे असे आहे. डेंग्यू पसरविणाऱ्या या डासाच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो. चावते ती मादीच, नर फुलांच्या रसावर राहतो. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटविते. ती अंडी कोरडी राहूनही महिने महिने जिवंत असतात, आणि पाणी वर चढले की फुटतात. म्हणजे आम्ही रोज ओतलेले ताजे पाणी त्या अंड्यांना जागे करण्याचेच काम करीत होते. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे करून, आतून घासून, कोरडे केले की पिढीच खुंटते. 'कोरडा दिवस' म्हणतात तो हाच. घरात रुग्ण असल्यास त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. नाहीतर त्याला चावलेला डास काही दिवसांनी तोच रोग दुसऱ्यास देतो.

नातवाला चावलेला डास आमच्याच भांड्यातला, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. हा डास फार लांब उडत नाही, एवढेच खरे. परंतु ज्याने आयुष्यभर मुलांना निरीक्षणाचे धडे दिले, त्याने रोज सकाळी त्या भांड्यावर वाकून आत काय आहे ते पाहिले नाही, हे मात्र सिद्ध आहे. एकाच पावसाळ्यात आमच्या घराने मित्राला आग लावली आणि शत्रूला पुण्यबुद्धीने पाणी पाजले. मित्राच्या वेळी किळस व भीती पुढे झाली, शत्रूच्या वेळी दया. ओळख दोन्ही वेळा मागेच राहिली.

या हकीकतीतून दोन-चार व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. सातेरीचे पोळे त्रासदायक जागी असल्यास ते जाळू नये. महाबळेश्वर येथील मधसंचालनालयाकडून शिकलेले पुष्कळ मधपाळ ठिकठिकाणी आहेत, ते वसाहत पेटीत उतरवून नेतात. महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे. आग्या माशीच्या पोळ्याजवळ मात्र जाऊ नये, त्याखाली धूर वा गलका करू नये. तिचा थवा प्राणघातक होऊ शकतो. धान्यात टोके होऊ नयेत म्हणून ऊन देणे, कडुलिंबाचा पाला घालणे, एरंडेल चोळणे या आजीच्या युक्त्या फवाऱ्यापेक्षा केव्हाही बऱ्या. आणि पक्ष्यांना पाणी अवश्य ठेवावे. परंतु भांडे रोज घासून ठेवावे.

आमच्या घरी आता दर रविवारी कोरडा दिवस पाळला जातो. त्याची व्यवस्था नातवाकडे आहे, आणि तो बशी उलटी करून दाखविल्याशिवाय कोणास चहाही घेऊ देत नाही. परवा दिवाळीसाठी गवंडी भिंतींना गिलावा करीत होता. परसातील ती काळवंडलेली पोकळी दिसताच त्याने विचारले, "गुरुजी, हे भोक बुजवून टाकू ना?" या खेपेस आम्ही गप्प बसलो नाही. बाकी भिंत नीट कर, पण तेवढे दार मोकळे ठेव, असे त्याला सांगितले. वहिनी तेथेच उभ्या होत्या. त्यांनीही मान डोलविली. पोकळी अजून रिकामीच आहे.